अण्णांचं बिऱ्हाड

ज्या माणसानं जन्मात कधी घर बदललं नव्हतं, त्याच्याकडे आमच्या कार्यालयानं बदलीच्या भत्त्याचं टेबल दिलं होतं. सरकारी माणसाची एका गावाहून दुसऱ्या गावी बदली झाली की त्याचं बिऱ्हाड हलवण्याचा खर्च सरकार देतं. ट्रकवाल्याचं बिल, वजनकाट्याची पावती, जुन्या कार्यालयानं सोडल्याचा आणि नव्यात रुजू झाल्याचा कागद, एवढं जोडून देयक द्यायचं. ते तपासायचं काम ज्ञानोबा वाळके यांचं. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णा दिघी गावठाणातले. जिथं जन्मले तिथंच आता त्यांचं तीन मजली घर होतं. तळमजल्यावर स्वतः, वर भाडेकरू. नोकरीत त्यांच्याही बदल्या झाल्या होत्या, पण पुणे, पिंपरी, चाकण, पुन्हा पिंपरी अशा. सगळ्या स्कूटरच्या टप्प्यातल्या. रोज संध्याकाळी स्कूटर दिघीत, आपल्याच ओट्यापाशी. मध्ये एकदा सोलापूरची बढती आली, ती त्यांनी नाकारली. लेखापरीक्षण पथक आलं की आमच्याकडे भलेभले पाणी प्यायला उठतात. अण्णा त्यांच्यासमोर पाय हलवत बसायचे. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. पुन्हा बढतीचा आदेश येईल आणि त्यावर लांबच्या गावाचं नाव असेल.

माझी त्यांची पहिली भेट मी परभणीहून बदलून आले तेव्हाची. नवऱ्याला चाकणला कंपनीत नोकरी लागली होती. माझी बदली प्रशासकीय कारणानं झाली आणि योग जुळून आला. मी हिशेबाची माणूस आहे. सगळे कागद क्रमानं लावून, प्रत्येकावर आकडा घालून देयक नेऊन दिलं. काट्यावर सामान दोन हजार एकशे चाळीस किलो भरलं होतं, तेवढंच लिहिलं होतं. अण्णांनी कागद चाळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बसा ताई. काय फुटलं?"

मला कळेना. "काय फुटलं म्हणजे?"

"सामान आणताना. काय फुटलं?"

"लोणच्याची बरणी," मी म्हणाले. "नगरच्या अलीकडे. गादीत मुरलंय सगळं. उन्हात घातली तरी वास जात नाही. घरातले म्हणतात, झोपलं की भूक लागते."

अण्णा खूश झाले. त्यांनी तिथंच सही केली आणि वर सांगितलं, "गादीला बेसन चोळा. तेल वढून घेतंय."

पुढे मी त्यांच्याच शाखेत, शेजारच्या टेबलावर आले, तेव्हा कळलं की हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात. त्यांचा तो काटाच होता. खोट्या देयकात वजन बरोबर असतं. बहुतेक वेळा पदाला मंजूर असलेल्या मर्यादेइतकंच, किलोला किलो. पण ज्यानं खरंच बिऱ्हाड हलवलंय त्याच्या मनात काहीतरी सलत असतं. आरशाचा कोपरा, देव्हाऱ्याची कमान, मिक्सरचं झाकण. विचारल्याबरोबर तो सांगतो, न विचारलेलंही सांगतो. न हलवलेला माणूस म्हणतो, सगळं व्यवस्थित आलं.

त्यांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात फार अंतर होतं. बोलणं गावठाणातलं, "व्हय", "न्हाई", "आमी" असं. लिहायला बसले की मात्र, "सबब सदर देयक खालील त्रुटींच्या पूर्ततेस्तव परत करण्यात येत आहे." एकानं कुंड्यांसाठी वेगळा टेम्पो केला होता. त्याचं भाडं कापताना अण्णांनी पाऊण पान शुद्ध कार्यालयीन मराठी लिहिली आणि तो भांडायला आल्यावर तोंडी एवढंच म्हणाले, "सरकार भाडं देतं राव, हौस देत न्हाई."

पण कुंड्यांत काय होतं, हे त्यांनी त्याच्याकडून अर्धा तास विचारून घेतलं. हेही त्यांचं ठरलेलं. देयकाचं काम संपलं की चौकशी सुरू. लातुरात तुमच्या घराला दारं किती होती? गोंदियाला पाणी कधी यायचं? इथं आल्यावर मुलं रडली का? माणसं एक गाव सोडून दुसऱ्या गावी कशी राहतात, हे त्यांना खरोखर समजत नव्हतं. अवघड गणित दुसऱ्यानं कसं सोडवलं ते बघावं, तसे ते ऐकत.

एकदा नाशिकहून निंबाळकर नावाचे अधिकारी आले. वाकडला उंच इमारतीत भाड्यानं राहायला लागले. महिन्याभरात देयक आलं, वजन अगदी मर्यादेवर.

"काय फुटलं साहेब?"

"काहीच नाही. पॅकर्सवाले एकदम प्रोफेशनल होते."

"आनंद हाय," अण्णा म्हणाले. "मग एकदा घर बघायला येतो."

निंबाळकर हसले. असं कोणी येत नसतं, म्हणून हसले. रविवारी अण्णा पावशेर पेढे घेऊन खरोखर चौदाव्या मजल्यावर हजर. हॉलमध्ये एक गादी, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि भिंतीशी बूट. निंबाळकरांनी खुर्ची अण्णांना दिली आणि स्वतः गादीवर बसले. चहा करायला भांडं नव्हतं. दोघांनी पेढे खाल्ले, खिडकीतून खाली गाड्यांची रांग बघितली. अण्णा देयकाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. निघताना दारात म्हणाले, "वहिनींना आणा साहेब. घर घुमतंय."

सोमवारी निंबाळकरांनी आपण होऊन देयक मागे घेतलं. अण्णांनी त्यांना नियम दाखवला, कुटुंब नंतर आलं तरी ठरावीक मुदतीत भाडं मिळतं. मुदत संपायच्या आत ट्रक आला, सोबत वहिनी, दोन मुली आणि फिशटँक. फिशटँक फुटला होता. अण्णांनी देयक एका दिवसात मंजूर केलं. पुढे एका समारंभात निंबाळकरांच्या पत्नी मला भेटल्या. "तुमच्या त्या अण्णांमुळे मला नाशिक सोडावं लागलं," असं म्हणाल्या. तक्रार होती की कौतुक, ते मला चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. समोर मात्र त्या नवऱ्याच्या ताटात वाढत होत्या.

अण्णांचा काटा चुकलाही. लातूरहून नसरीन शेख आमच्याकडे कनिष्ठ लिपिक म्हणून आली. वजन मर्यादेच्या आत, कागद चोख. प्रश्नाला उत्तर मात्र, "काहीच नाही फुटलं."

अण्णांनी चष्मा कपाळावर नेला. "काहीच न्हाई? नीट आठवा. एखादा कप?"

"कप, बशा, काचेचे ग्लास, ट्यूबलाइट, सगळं आलं. काय विचारायलात अण्णा? फुटलंच पाहिजे असा नियम आहे का?"

नियम नव्हता. पण अण्णांनी तिचं देयक परत केलं, ट्रकच्या क्रमांकातला एक अंक पुसट आहे म्हणून. मग तारखेवरून केलं. मग शिक्क्यावरून. तिसऱ्या वेळी नसरीन त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण अख्खी शाखा ऐकत होती.

"अण्णा, माझे अब्बा बांगड्यांचे व्यापारी. गावोगावच्या बाजारात काचेच्या बांगड्या नेऊन विकायचे. एसटीच्या टपावरून. आमच्या घरात काही फुटलं तर त्या दिवशी जेवण उशिरा व्हायचं. ग्लास मी तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून आणलेत. आरसा दोन गाद्यांत. तुम्ही माझ्या घरी या, नाहीतर मी तुम्हाला इथं भरून दाखवते."

आणि तिनं दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती डाळीचा डबा आणि चार ग्लास घेऊन आली. डबा भरला, झाकण लावलं आणि अण्णांच्या हातात दिला. "टाका."

"अहो, नगं."

"टाका म्हणते ना."

अण्णांनी जीव मुठीत धरून गुडघ्याच्या उंचीवरून डबा सोडला. झाकण उघडलं तर चारी ग्लास शाबूत. अण्णा बराच वेळ डाळीत बोटं घालून बसले होते. मग त्यांनी देयकावर सही केली आणि संध्याकाळी बेकरीतून खारी आणवून तिच्यासमोर ठेवली. माफी मागायची त्यांची रीत तेवढीच. तेव्हापासून त्यांनी प्रश्न थोडा बदलला: "काय फुटलं? आन् न्हाई फुटलं तर कसं भरलं?"

आणि मग तो आदेश आला. अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बढती, रत्नागिरीला. इथून सव्वातीनशे किलोमीटर. त्यांनी आदेश वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही. एक जण उस्मानाबादच्या बाजूनं बदलून आला होता. अण्णांनी त्याचं देयक मुकाट्यानं घेतलं. तो बिचारा फुटलेल्या पंख्याची गोष्ट सांगायची राहिली म्हणून रेंगाळला आणि शेवटी मलाच सांगून गेला.

मी आकडा काढून दाखवला. नव्या पगारावर निवृत्तिवेतन किती बसेल, नाकारलं तर किती. फरक लहान नव्हता. "कळतंय ताई," ते म्हणाले. "आकडा कळतोय. पर माझ्यानं व्हायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी बढती नाकारल्याचा अर्ज लिहिला, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात, "कौटुंबिक अडचणीस्तव" असं कारण घालून. अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला. साहेब दोन दिवस मुंबईला होते, म्हणून तो तिथंच पडून राहिला.

ती कौटुंबिक अडचण दुसऱ्याच दिवशी स्वतः कार्यालयात आली. अण्णा डबा घरी विसरले होते, तो द्यायला शेवंताकाकू आल्या. ठेंगण्या, चटपटीत, हातात कापडी पिशवी. अण्णा कोषागारात गेले होते. मी काकूंना बसवलं, चहा सांगितला. नसरीननं मोकळ्या मनानं विचारलं, "काकू, आंब्याच्या दिवसांत आम्ही सगळे रत्नागिरीला येणार बरं का. ठेवून घ्याल ना?"

काकूंनी कप खाली ठेवला. "कसली रत्नागिरी?"

नसरीननं माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे बघितलं. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं, बढती आणि नकार दोन्ही.

अण्णा आले तेव्हा काकू त्यांच्याच खुर्चीवर बसलेल्या होत्या. अण्णा दारात थबकले.

"काय लिवून दिलंय तुमी?"

"अगं, ते..."

"कौटुंबिक अडचण म्हंजे मी का?"

"हळू बोल. घर हाय हितं, भाडेकरू हायत. पोरगा तळवड्याला कामाला जातो, सून जाती, घरात कोन?"

"पोरगा चौतीस वर्षांचा हाय. आन् भाडेकरू भाडं मोबाइलवर टाकत्यात. तुमाला त्यांच्या नळाची चावी फिरवायला सरकार बढती देत न्हाई."

शाखेत कुणीतरी हसलं. अण्णाही थोडं हसले, सुटलो असं वाटून. पण काकू थांबल्या नव्हत्या. आवाज खाली आला एवढंच.

"माझं माहेर आन् सासर एकाच पिंपळाच्या दोन अंगाला. वरातीत वाजंत्रीवाल्यानं नीट फुंक मारली न्हाई तवर घर आलं. वरच्या मजल्यावं किती बिऱ्हाडं आली, गेली. त्या बाया सामान लावत्यात तवा मी जिन्यात हुबी ऱ्हाऊन बघते. ही डबे हितं ठेवती, ती तितं ठेवती. मला माजी भांडी एकदा दुसऱ्या फळीवं लावून बघायचीत. बाकी काय न्हाई मागत."

 काकूंनी पिशवीतून डबा काढला, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाजी गरम हाय तवर खायला सांगा त्यांना." आणि गेल्या.

अण्णांनी डबा उघडला नाही. आयुष्यभर त्यांनी शेकडो लोकांना विचारलं असेल, तुमचं घर कसं होतं, निघताना काय वाटलं. एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. असं ते म्हणाले नाहीत, हे मी म्हणते. ते फक्त उठले, साहेबांच्या खोलीत गेले आणि अर्ज हातात घेऊन बाहेर आले. पण तसाच आणला तर ते अण्णा कसले? बसून त्यांनी अर्ज मागे घेत असल्याचा दुसरा अर्ज लिहिला आणि दोन्हीवर आवक क्रमांक टाकून घेतला. मग भाजी खाल्ली. थंड झाली होती.

पुढचा महिना आमचा फार गमतीत गेला. ज्यांच्या ज्यांच्या देयकांवर अण्णांनी आक्षेप काढले होते ते सगळे सल्ला द्यायला येऊ लागले. निंबाळकर साहेब स्वतः येऊन म्हणाले, "अण्णा, घर घुमू देऊ नका. पडदे आधी लावा." कुंड्यावाल्यानं एक कुंडी भेट आणली आणि बजावलं, "हिचं भाडं मागू नका." अण्णा सगळं ऐकून घेत. एकदा दुपारी आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, नव्या घरात झोप लागती का हो?"

"लगेच नाही लागत," मी म्हणाले. "अंधारात दिव्याचं बटण हाताला सापडायला लागलं की लागते."

त्यांनी मान हलवली. मोलाची माहिती मिळाल्यासारखी.

सामान भरायच्या दिवशी सकाळी मी दिघीला गेले. नसरीन माझ्या आधी आलेली. तिनं पदर खोचला होता आणि वाळक्यांच्या चुलत्या-पुतण्यांना कामाला लावलं होतं. "भाऊ, ते ताट उभं ठेवा. आडवं नाही, उभं." काकू डाळीचे डबे पुढे करत होत्या. सगळी आळी ओट्यावर जमली होती. गावातून लोक मुंबईला गेले, दुबईला गेले, पण वाळके अण्णा चाललेत ही बातमी वेगळी होती. एक म्हातारा मला विचारत होता, "परत येनार हायत ना? का जमीन इकली?"

अण्णांनी दोघांची एसटीची तिकिटं काढून ठेवली होती. सामान पुढे जाईल, आपण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं, असा नियमाला धरून बेत. ट्रक भरला, मागचं फाळकं लागलं, दोर आवळले. आणि बघतो तर काकू ड्रायव्हरच्या शेजारी, खिडकीपाशी चढून बसलेल्या.

"अगं, खाली उतर. आपली एसटी हाय उद्या."

"मी भांड्यांबरोबर जानार. घाट बघायचाय मला हितनं. वरनं दिसतं सगळं."

"ट्रकमधनं गेलो तर तिकिटाचा दावा लावता येत न्हाई. नियम हाय."

"मग नका लावू."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं टेबल आता माझ्याकडे आलं होतं. मी सांगितलं, "बरोबर आहे. ट्रकमधून गेलात तर नाही मिळणार."

मला वाटलं होतं ते वाद घालतील. ते घरात गेले. गॅस बंद आहे का बघून आले. मग वर जाऊन भाडेकरूला मोटारीचं बटण दाखवून आले. मग स्कूटरवर कापड टाकलं, ते सरळ केलं, पुन्हा सरळ केलं. मुलगा म्हणाला, "अण्णा, मी बघतो ना सगळं." ते हो म्हणाले आणि पुन्हा आत जायला वळले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं.  मी मनात म्हटलं, हा माणूस काही चढत नाही.

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "येताय का? न्हाई तर मी हुते पुढं. तिकडल्या घराची चावी माज्याकडं हाय."

अण्णा ओट्यावर उभे होते. त्यांनी खिशातून दोन्ही तिकिटं काढली, बघितली आणि मुलाच्या हातात दिली. "रद्द कर. कापून काय मिळंल ते घे." मग ट्रकपाशी गेले. पायरी उंच होती. पहिल्यांदा पाय निसटला, नसरीननं कोपर धरला, आणि ते वर गेले. जागा अपुरी होती. काकूंनी खिडकी सोडली नाही. अण्णा दोघांच्या मध्ये, मांडीवर कुंडी घेऊन, गिअरच्या दांड्याशी गुडघे आखडून बसले.

ट्रक मुख्य रस्त्याच्या तोंडाशी कंपनीच्या बसमागे अडकला, म्हणून मला ते आणखी थोडा वेळ दिसले. आळीतले लोक हात हलवत होते, पण अण्णा मागे बघत नव्हते. ते ड्रायव्हरकडे वळून काहीतरी विचारत होते. ड्रायव्हर हातवारे करून सांगत होता, बहुधा त्याच्या गावाकडचं काहीतरी. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला होता. काकू बाहेर हात काढून पुढच्या बसला वाट द्यायला सांगत होत्या. मग बस हलली, आणि ट्रक डावीकडे वळला.